झाकणाआडचा विस्तव

चुलीतला विस्तव समोर असतो. लाकूड मागे ओढलं की आच कमी होते, पुढे सारलं की वाढते. ज्वाळेच्या रंगावरून, लाकडाच्या तडतडण्यावरून तो काय करतोय ते बसल्या जागी कळतं. झाकणाआडचा विस्तव असा कळत नाही. कोळशाच्या ग्रिलवर मांसाचा मोठा तुकडा ठेवला आणि वरून पोलादी झाकण लावलं की पुढचे दहा-बारा तास आत काय चाललंय याची बाहेर एकच खूण उरते, ती म्हणजे वरच्या झडपेतून निघणारी धुराची रेघ. ती पातळ आणि निळसर असली तर सगळं ठीक. पांढरी आणि दाट झाली तर धुरासाठी आत ठेवलेलं लाकूड नीट जळत नाहीये. पण ही रेघ बघायलासुद्धा बाहेर उभं राहावं लागतं. घरात कणीक मळताना, मुलांचा अभ्यास घेताना किंवा रात्री अंथरुणावर पडल्यावर त्या विस्तवाची खबर कशी लागायची?

आम्ही शिकागोच्या वायव्येकडच्या एका उपनगरात राहतो. घरामागे लहानसं आवार, त्यात विटांची फरशी आणि फरशीच्या कडेला तीन पायांवर उभी असलेली काळी, गोल केटल, म्हणजे झाकणाची कोळशाची ग्रिल. तिच्या जाळीवर एक आणि मांसात एक अशा तापमान मोजणाऱ्या दोन प्रोब असतात. त्यांच्या तारा भिंतीलगतच्या प्लास्टिकच्या डबीत येतात आणि डबीतून दोन आकडे वायफायवरून माझ्या फोनवर येतात. एक आकडा विस्तवाचा, दुसरा मांसाचा. गेली काही वर्षं या दोन आकड्यांनी माझ्या सुट्टीच्या दिवसांना एक वेगळाच ताल दिला आहे, आणि त्यांच्याविषयी मनापासून लिहावं असं फार दिवस वाटत होतं.

केटल मूळची याच भागातली. १९५२ साली शिकागोच्या वेबर ब्रदर्स मेटल वर्क्स या कारखान्यात जॉर्ज स्टीफन नावाचे गृहस्थ काम करत. कारखान्यात पत्र्याचे अर्धगोल जोडून पाण्यावर तरंगणारे बोये बनत. स्टीफन यांच्या घरची उघडी भट्टी वाऱ्यापुढे टिकत नसे. त्यांनी बोयाचे दोन अर्ध घेतले, खालच्याला पाय जोडले, वरच्याला मूठ बसवली आणि हवा खेळण्यासाठी भोकं पाडली. मिशिगन सरोवरावरून येणारा वारा ज्यांनी अंगावर घेतलाय, त्यांना हा शोध इथेच का लागला हे वेगळं सांगावं लागत नाही.

कोळसाही तसा शेजारचाच. दाबून केलेल्या वड्यांचं, म्हणजे ब्रिकेटचं पेटंट १८९७ सालचं, पेनसिल्व्हेनियातल्या एल्सवर्थ झ्वॉयर यांचं. पण ती घरोघर पोचली हेन्री फोर्ड यांच्यामुळे. त्यांच्या मॉडेल टी मोटारीला बरंच लाकूड लागे. मिशिगनच्या उत्तर भागातल्या जंगलात त्यांची लाकूडगिरणी होती. तिथे उरलेल्या तुकड्यांचा आणि भुशाचा कोळसा करून १९२० च्या दशकात त्याच्या वड्या पाडल्या जात आणि फोर्डच्या मोटारी विकणाऱ्या दुकानांतूनच त्या विकल्या जात. ती जंगलाची जमीन मिळवून देणारे एडवर्ड किंग्सफर्ड यांचं नाव आधी तिथल्या गावाला लागलं आणि नंतर कोळशाला. आजही मी पिशवी फाडते तेव्हा तिच्यावर तेच नाव असतं.

या विस्तवाचा स्वभाव एकदा नीट समजून घ्यावा लागतो. कोळसा किती घातला यापेक्षा त्याला हवा किती मिळते यावर आच ठरते. खालच्या झडपेची फट बोटभर उघडी असली तर तेच निखारे ढणढणतात, केसभर ठेवली तर तासन्‌तास मंद धुमसत राहतात. संथ भाजणीसाठी ब्रिकेट केटलच्या कडेने अर्धवर्तुळात मांडतात, दोन खाली, दोन वर, एकीवर एक रेललेल्या, आणि एका टोकाला फुललेले पाच-सहा निखारे ठेवतात. मग विस्तव एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकत जातो. इथले लोक या मांडणीला साप म्हणतात. मध्ये पाण्याची परात, तिच्यावर जाळी, जाळीवर मांस. जाळीजवळची हवा २२५ फॅरनहाइटच्या, म्हणजे १०७ सेल्सिअसच्या आसपास राहावी एवढीच अपेक्षा. पण ही एवढीशी अपेक्षा दिवसभर पुरी करायची तर वारा, ऊन, पाऊस, राख या सगळ्यांशी जमवून घ्यावं लागतं.

झाकणावर एक काट्याची तबकडी असते. तिच्यात दोन धातू एकमेकांना चिकटवून केलेली पट्टी असते. तापल्यावर एक धातू जास्त पसरतो, दुसरा कमी, त्यामुळे पट्टी वळते आणि काटा फिरतो. अठराव्या शतकात जॉन हॅरिसन या घड्याळजींनी जहाजावरच्या घड्याळासाठी ही पट्टी शोधली. तबकडी खोटं बोलत नाही, पण ती सांगते झाकणाच्या माथ्यावरचं. मांस असतं खाली जाळीवर, आणि तिथलं तापमान कित्येकदा पन्नास फॅरनहाइटने वेगळं असतं. मग हात शिवशिवतात, झाकण उचलून बघावंसं वाटतं. नेमकं तेच करायचं नसतं. झाकण उघडलं की गरम हवा निघून जाते ती जातेच, शिवाय निखाऱ्यांवर एकदम ताजी हवा येते आणि ते फुलतात. आकडा आधी पडतो, आणि झाकण परत लावल्यावर हवा असतो त्याच्या बराच वर चढतो. आपण बघितलं म्हणूनच आच बिघडते.

म्हणून प्रोब. दाभणाएवढी स्टेनलेस स्टीलची नळी, आणि तिच्या टोकाशी आत मोहरीहून लहान मणी. धातूंच्या ऑक्साइडांची मिसळ भाजून हा मणी करतात. त्याला थर्मिस्टर म्हणतात. तो तापला की विजेला होणारा त्याचा विरोध घटतो. माझ्याकडचा २५ सेल्सिअसला एक लाख ओहम असतो आणि विस्तवाजवळ १०७ ला पोचेपर्यंत पाच-सहा हजारांवर येतो. ही घट सरळ रेषेत होत नाही. सुरुवातीला झपाट्याने होते, पुढे मंदावत जाते. त्या वळणाचं समीकरण स्टाइनहार्ट आणि हार्ट या दोघांनी १९६८ साली समुद्रशास्त्राच्या एका नियतकालिकात मांडलं. समुद्राच्या पाण्याचं तापमान मोजणाऱ्या लोकांच्या हाती आलेलं ते समीकरण आज माझ्या डबीतल्या नखाएवढ्या चिपमध्ये बसून कोळशाची आच मोजतंय याचा मला मनापासून आनंद होतो. ती चिप शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीची ईएसपी३२. तिच्यात वायफाय आहे आणि ती मिळते अगदी किरकोळ किमतीत.

नवी प्रोब वापरायला काढण्याआधी मी ती तपासून घेते. उंच पेल्यात कुटलेला बर्फ काठोकाठ भरायचा, वरून बर्फ बुडेल इतपतच पाणी ओतायचं, ढवळायचं आणि प्रोबचं टोक पेल्याच्या मध्यभागी धरायचं. तळाला किंवा काचेला टेकू द्यायचं नाही. आकडा घसरत घसरत येतो, एकच्या आसपास रेंगाळतो आणि शून्यावर स्थिरावतो. पेल्याच्या बाहेरून दव साचलेलं असतं, बोटं बधिर झालेली असतात. मग तीच प्रोब उकळत्या पाण्यात. तिथे शंभराच्या जवळपास यायला हवी. या दोन ठिकाणी जी खरी उतरली तिच्यावर मी रात्रभर विसंबते. तारेच्या सांध्यात एकदा पाणी शिरलं की प्रोब गेलीच समजायची. ओलाव्यामुळे विरोध घटतो आणि थंड ग्रिलसुद्धा तापलेली दिसते. म्हणून प्रोब धुवायची ती टोकच, तिची मान नळाखाली धरायची नाही.

एका उन्हाळ्यात आई पेणहून आली होती. पहाटे ग्रिल लावली होती, आणि आई सकाळपासून खिडकीतून तिच्याकडे बघत होती. दुपार कलली तसं तिला राहवेना.

“अगं, एकदाही उघडून बघितलं नाहीस तू. करपलं तर?”

“नाही करपणार गं आई. उघडलं की सगळी आच जाते. हे बघ, इथे दिसतंय आतलं.”

फोन हातात घेऊन ती जरा वेळ आकडे बघत बसली. २२८ चे २२७ झाले, मग २२९. मांसाचा आकडा हलत नव्हता. चष्मा वर सारून ती म्हणाली, “बरोबर आहे तुझं. पोपटीचं मडकं तरी आपण कुठं उघडतो?”

मी क्षणभर तिच्याकडे बघत राहिले. इतक्या वर्षांत हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. रायगडातली माणसं थंडीत पोपटी लावतात. मातीच्या मडक्यात तळाशी भांबुर्डीचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, मीठ, ओवा, मधेमधे अंडी, मसाला लावलेली कोंबडी आणि पुन्हा पाला. पाण्याचा थेंब घालायचा नाही. तोंड पाल्याने गच्च बंद करून मडकं शेतात उपडं ठेवायचं आणि भोवतीने पेंढा, काटक्या, गोवऱ्या रचून पेटवायचं. अर्धा-पाऊण तास त्या जाळाभोवती सगळे उभे असतात. मडक्यात काय चाललंय ते कुणालाच दिसत नाही. शेवटी घरातलं एखादं जाणतं माणूस पुढे होतं. आमच्याकडे ते काम काकांचं. काठीने जाळ जरा बाजूला सारून ते ओंजळीतलं पाणी मडक्याच्या पाठीवर शिंपडत. आवाज मऊ आला, पाणी ओघळून खाली गेलं की म्हणत, “थांबा अजून.” चर्र करून पाणी जागच्या जागी उडून गेलं की, “काढा.” त्या एका चर्रवर शेंगा शिजल्या आहेत, कोंबडी झाली आहे, हे ते सांगत आणि ते खरं ठरे. मडकं पालथ्याचं सुलटं होईपर्यंत त्यांनी आत डोकावलेलं नसे.

काकांच्या त्या ओंजळीत आणि माझ्या प्रोबमध्ये मला नातं दिसतं ते या न उघडण्याचं. बंद ठेवल्यानेच जे चांगलं होतं त्याची काळजी घेणाऱ्याने त्याला हात न लावता त्याची खबर ठेवायची असते. माझ्या आकड्यांकडे मी तेव्हापासून या नजरेने बघते.

भट्टीतली आच न उघडता सांभाळायची धडपड फार जुनी आहे. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला कॉर्नेलिस ड्रेबेल नावाचा एक डच कारागीर इंग्लंडच्या पहिल्या जेम्स राजाच्या आश्रयाला होता. टेम्स नदीत पाण्याखालून नाव चालवून दाखवणारा म्हणून त्याचं नाव घेतात, पण मला तो आवडतो त्याच्या भट्टीसाठी. त्याने भट्टीत मद्यार्काने भरलेलं भांडं ठेवलं आणि त्याला पाऱ्याची नळी जोडली. आच वाढली की मद्यार्क पसरे, पारा वर सरके, पाऱ्यावरचा तरंगता दांडा उचलला जाई आणि हवेची झडप मिटे. आच उतरली की झडप उघडे. कोंबडीची अंडी उबवायलाही त्याने हीच युक्ती वापरली. चारशे वर्षांपूर्वी, वीज नसताना, कोळशाच्या विस्तवाला स्वतःची झडप स्वतः सांभाळायला लावणारा हा माणूस फारसा कुणाला ठाऊक नाही, याचं मला वाईट वाटतं.

मांसाचा आकडा का हलत नव्हता, ते आईने नंतर विचारलंच. डुकराच्या खांद्याचा तो मोठा तुकडा सुरुवातीला भराभर तापतो. मग १५० ते १६० फॅरनहाइटला, म्हणजे ६५ ते ७० सेल्सिअसला येऊन थबकतो. तास जातो, दोन तास जातात, कधी चार. खाली निखारे तेच, झडपा त्याच, जाळीजवळचा आकडा तोच, आणि मांस मात्र जागचं हलत नाही. नवख्या माणसाचा धीर इथेच सुटतो. तो झडपा उघडतो, कोळसा वाढवतो. कारण साधं आहे. तापलेल्या मांसातला ओलावा पृष्ठभागावर येऊन उडत राहतो आणि उडताना उष्णता घेऊन जातो. विस्तव जेवढं देतो तेवढं हा ओलावा नेतो. उन्हाळ्यात माठातलं पाणी गार राहतं ते याच कारणाने. मी आईला एवढंच म्हटलं, “माठ पाझरतो ना, तसं.” तिला पुढे काही सांगावं लागलं नाही.

पृष्ठभाग कोरडा झाला की आकडा पुन्हा चढू लागतो. टेक्सासमध्ये या टप्प्यावर मांस जाड कागदात गुंडाळतात, म्हणजे ओलावा उडणं कमी होतं आणि वेळ वाचतो. मी सहसा गुंडाळत नाही. त्या थबकलेल्या तासांत मांसावर गडद, खरपूस साल धरते आणि तिची चव गुंडाळलेल्या मांसाला येत नाही, असं माझं ठाम मत आहे. शिवाय स्नायूंना बांधून ठेवणारं चिवट कोलॅजन विरघळून त्याचं मऊ जिलेटिन व्हायला वेळच लागतो. आकडा २०० च्या जवळ, ९० ते ९५ सेल्सिअसला पोचला आणि प्रोब आत सारताना कुठेही अडखळली नाही, की झालं. हाडाला हात लावला तरी मांस सुटून येतं.

लांबून बघण्यातला खरा धोका मात्र मांसात नसून आकड्यात आहे. फोनवर २३१ दिसतंय. पण हे २३१ आत्ताचं आहे की अर्ध्या तासापूर्वीचं? वायफाय तुटलं, डबीची बॅटरी संपली तरी शेवटचा आकडा पडद्यावर तसाच राहतो, त्याच अक्षरांत, त्याच रंगात. जिवंत विस्तवाचा आकडा कधीच स्थिर नसतो. वाऱ्याच्या झुळकीने, राख ढासळल्याने तो दोन-तीन अंशांनी सतत हलतो. म्हणून पडद्यावर एकच आकडा फार वेळ दिसला की मी उठते. दुरून येणाऱ्या कुठल्याही आकड्यासोबत त्याची वेळ दिसलीच पाहिजे, असा माझा आग्रह आहे. माझ्या पडद्यावर तापमानाखाली ‘किती सेकंदांपूर्वी’ ते लिहून येतं आणि मिनिट उलटलं की आकडा करडा होतो.

याहून चोख सोय ज्या संदेशपद्धतीने हे आकडे येतात तिच्यातच आहे. एमक्यूटीटी हे तिचं नाव. १९९९ साली अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्लेन निपर यांनी ती तयार केली ती तेलाच्या पाइपलाइनांसाठी. मैलोन्‌मैल ओसाड भागांतून जाणाऱ्या नळांवरची उपकरणं उपग्रहामार्फत खबर पाठवत. तो मार्ग महाग आणि बेभरवशाचा, म्हणून संदेश अगदी तुटपुंजे ठेवले. तिच्यात अशी व्यवस्था आहे की, उपकरण जोडलं जातानाच मधल्या यंत्राकडे एक मृत्युपत्र ठेवतं. माझा संपर्क अचानक तुटला तर माझ्या वतीने हा निरोप सगळ्यांना द्या. माझ्या डबीनेही असा एक निरोप ठेवलेला आहे. तिचा आवाज बंद पडला तर फोन वाजतो आणि पडद्यावर येतं, ‘ग्रिलची खबर नाही.’ खबर नसणं हीसुद्धा एक खबर असते आणि ती वेळेवर पोचवायची व्यवस्था कुणीतरी विचारपूर्वक करून ठेवली, याबद्दल मला त्या दोघांविषयी कृतज्ञता वाटते.

पुष्कळ लोक याच्या पुढे जातात. केटलच्या खालच्या झडपेला छोटा पंखा जोडतात, आणि तापमान बघून चिप तो पंखा कमीजास्त करते. त्यामागचं गणितही मोठं सुरेख आहे. १९२२ साली निकोलस मिनॉर्स्की यांनी जहाज आपोआप वळवण्याचा सिद्धांत लिहिला. त्यासाठी त्यांनी सुकाणूवर बसणाऱ्या माणसांकडे बारकाईने पाहिलं होतं. चांगला सुकाणूवाला जहाज आत्ता किती भरकटलंय तेवढंच बघत नाही. आजवर किती भरकटत आलंय आणि आता किती वेगाने वळतंय, हेही तो लक्षात घेतो. या तीन गोष्टींची बेरीज म्हणजे आजच्या कितीतरी स्वयंचलित यंत्रांचा गाभा, आणि ग्रिलवरच्या पंख्याचाही.

पंखा मी लावलेला नाही आणि लावणारही नाही. पंख्याने तापमानाचा आलेख सरळ रेषेत जातो, आणि सरळ रेषेत वाचण्यासारखं काही नसतं. माझ्या आलेखात दिवस उमटतो. सकाळी सातला ऊन केटलच्या काळ्या पाठीवर आलं तिथे रेघ हळूच वर चढलेली असते. अकराला वारा सुटला तिथे तिला कंप सुटलेला. चारला सर आली तिथे ती खाली गेलेली आणि मी जाऊन झडप पाव बोट उघडली तिथे पंधरा मिनिटांनी सावरलेली. आकडा दुरून यावा, पण झडपेवर हात माझाच असावा. खबर यंत्राकडून घ्यावी आणि निर्णय आपण करावा, यात मला जे समाधान मिळतं ते सगळं यंत्रावर सोपवून मिळणार नाही.

रात्रीची भाजणी मला सगळ्यात प्रिय. मोठा तुकडा असला तर तो रात्री दहाच्या सुमारास लावावा लागतो, म्हणजे दुसऱ्या दिवशी दुपारी पाहुण्यांपुढे येतो. घर निजलेलं असतं. फोन उशाशी, वरची मर्यादा २५० आणि खालची २०० लावलेली. जूनच्या अखेरीस आवारात काजवे असतात. कधी कुंपणावरून रॅकून येतं, केटलभोवती एक फेरी मारतं, धगीने मागे सरतं आणि निघून जातं. खिडकीतून केटल दिसत नाही, पण आकडा दिसतो, २२४, २२६, २२५. त्या हलत्या आकड्याला लागूनच मला झोप येते. पहाटे तीनला गजर झाला तर समजायचं की साप कुठेतरी तुटलाय किंवा राखेने खालची झडप बुजलीय. चपला घालून बाहेर जायचं, झडपेची दांडी दोनदा इकडून तिकडे फिरवायची, राख खाली पडते, आणि आत येऊन हात धुवेपर्यंत आकडा चढायला लागलेला असतो. त्या वेळच्या हवेत लाकडाच्या धुराचा आणि दवाचा एकत्र वास असतो. तो वास फोनवर येत नाही, म्हणून गजर झाल्याचा मला कधी राग येत नाही.

जेवणं होतात, पाहुणे जातात. झडपा बंद केलेल्या असतात, तरी डबी आकडे पाठवतच राहते. १८०, १५०, १२०. पाहता पाहता ग्रिलचा आकडा बाहेरच्या हवेच्या जवळ येतो. इथे मला वाचकांना अगदी कळकळीने एक सांगायचं आहे. प्रोब जाळीजवळची हवा मोजते, निखाऱ्याचं काळीज मोजत नाही. आकडा उतरलेला असतो, हाताला केटल कोमट लागते, आणि राखेखाली निखारे जिवंत असतात. तापमान उतरल्यानंतरही ते कार्बन मोनॉक्साइड सोडत राहतात. या वायूला रंग नाही, वास नाही आणि तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते, आणि झोपलेला माणूस उठत नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासात हिमवादळाने वीज गेली, तेव्हा उबेसाठी लोकांनी घरांत कोळशाच्या ग्रिल पेटवल्या आणि त्या विषबाधेने माणसं गेली. उत्तर भारतात बंद खोलीत शेगडी घेऊन झोपलेल्या कुटुंबांच्या बातम्या थंडीत येत राहतात. इलिनॉयमध्ये १ जानेवारी २००७ पासून बहुतेक घरांत झोपायच्या खोलीपासून पंधरा फुटांच्या आत या वायूचा अलार्म असणं कायद्याने बंधनकारक आहे, ते उगाच नाही.

तेव्हा तुम्ही अमेरिकेत असा की पुण्यात, ग्रिल असो की शेगडी, कोळशाचा विस्तव घरात, गॅरेजात किंवा बंद बाल्कनीत आणू नका. दार उघडं ठेवूनही नको, खिडकी किलकिली ठेवूनही नको, आणि फोनवरचा आकडा कितीही खाली आला असला तरी नको. राख दोन दिवस बाहेरच थंड होऊ द्या, मगच झाकण असलेल्या पत्र्याच्या डब्यात भरा. आणि वायरलेस थर्मामीटर विकत घ्यायचा विचार असेल, तर त्याच्या आधी कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म घ्या.